चाचणी परदेशात, कागद पुण्यात: स्क्विरल मंकीच्या एका प्रस्तावाचं प्रकरण

नावं, कंपनी, परदेशातली लॅब, ओळख पटेल अशा गोष्टी सगळ्या काढून टाकल्यात. घडलं कसं तेवढं ठेवलंय, कारण ज्यांना अशा कमिटीवर बसावं लागतं किंवा अशा कमिटीसमोर अर्ज घेऊन जावं लागतं त्यांना ह्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पार्श्वभूमी

पुण्यात लस म्हटलं की सगळ्यांना एकच मोठं नाव आठवतं, पण बाणेर, पाषाण, हिंजवडी ह्या पट्ट्यात छोट्या कंपन्याही बऱ्याच आहेत, दहा-पंधरा माणसं, भाड्याची लॅब आणि सगळ्यांची उमेद एका प्रोटीनवर. हे प्रकरण अशाच एका कंपनीचं. मी व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, आहे आणि ह्या कंपनीचे ससे-उंदीर जिथे ठेवतात त्या संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीवर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भारतात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीकडे, म्हणजे सीसीएसईएकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) संस्थेची नोंदणी लागते आणि संस्थेत स्वतःची कमिटी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, व्हेट असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्राने नेमलेली व्यक्ती असते आणि शास्त्राशी संबंध नसलेला एक सामाजिक सदस्य असतो. आमच्याकडे हा शेवटचा मान एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे आहे, सगळे त्यांना बाईच म्हणतात. उंदीर, ससे एवढ्यापर्यंतचे अर्ज आम्ही मंजूर करू शकतो, माकडासारखा मोठा प्राणी आला की आमची शिफारस आणि अंतिम निर्णय दिल्लीतून.

कंपनीचं काम मलेरियाच्या लसीवर होतं, त्यातही व्हायवॅक्स ह्या परजीवीवर. २०२३ला डब्ल्यूएचओने शिफारस केलेली आर२१ ही मलेरियाची लस पुण्यातच बनते हे वाचकांना माहीत असेल, पण ती फाल्सिपेरम ह्या दुसऱ्या परजीवीसाठी. व्हायवॅक्सवर लस अजून नाहीये. आणि व्हायवॅक्स चिवट आहे, लिव्हरमध्ये लपून बसतो, ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत उठतो, म्हणून तर १४ दिवस प्रायमाक्विन हे औषध घ्यायला सांगतात आणि बरेच लोक बरं वाटलं की मधेच सोडतात. म्हणजे काम गरजेचं होतं ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

त्यांच्या लसीतलं प्रोटीन होतं डफी बाइंडिंग प्रोटीनचा एक भाग. व्हायवॅक्स तांबड्या पेशीत शिरताना पेशीवरच्या डफी नावाच्या रेणूला ह्या प्रोटीनने पकडतो. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतोच, त्यामुळे तिथे व्हायवॅक्स फार कमी, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. तेव्हा ह्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या तर परजीवीला पेशीत शिरताच येणार नाही, असा एकूण विचार. उंदीर आणि सशांमध्ये अँटीबॉडी छान आल्या होत्या, ते प्रयोग आम्हीच मंजूर केले होते.

अडचण

पैसे देणाऱ्यांनी सांगितलं, नुसत्या अँटीबॉडी नकोत, प्रायमेटमध्ये, म्हणजे माकडांत, संरक्षण मिळतं हे दाखवा, मग पुढचा हप्ता. आता व्हायवॅक्सची अडचण अशी की तो लॅबमध्ये सतत वाढवता येत नाही कारण त्याला कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात, आणि साध्या उंदराच्या रक्तात तो वाढत नाही. त्यामुळे गेली कित्येक दशकं त्यासाठी दोन दक्षिण अमेरिकन माकडं वापरली जातात, स्क्विरल मंकी म्हणजे सायमिरी, आणि आउल मंकी म्हणजे एओटस. परदेशातल्या एका लॅबकडे सायमिरी बोलिव्हिएन्सिसची कॉलनी होती, त्यांनी कोटेशन पाठवलं, तारखा पण मोकळ्या होत्या. कंपनीने होकार कळवून टाकला आणि आमच्या कमिटीसमोर एक पान आलं, विषयाच्या रकान्यात लिहिलेलं "माहितीसाठी सादर".

म्हणजे मंजुरी मागितलीच नव्हती. प्रयोग परदेशात, तिथली कमिटी वेगळी, मग आमचा काय संबंध.

पहिला निर्णय: हे आपल्याकडे येतं का

अध्यक्ष सरांचं म्हणणं सरळ होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८चे नियम आपल्या नोंदणीकृत जागेपुरते आहेत, परदेशातलं माकड आपल्या कक्षेत येत नाही, नोंद घेऊ आणि पुढच्या विषयाकडे जाऊ. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. केंद्राच्या प्रतिनिधींनीही तेच सांगितलं.

बाईंनी मात्र पान बाजूला ठेवू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, १९७८ साली आपण आपली माकडं परदेशी पाठवणं बंद केलं, तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, पेपरात केवढं आलं होतं. आता आपले पैसे देऊन दुसरीकडच्या माकडावर प्रयोग करून घ्यायचा आणि इथे नुसती सही करायची, हे मला मुलांना समजावून सांगता येणार नाही." खोलीत जरा शांतता झाली. मग मी एवढंच म्हटलं की हा प्रयोग ज्या सशांच्या आकड्यांवर उभा आहे ते ससे आपण मंजूर केलेले आहेत, तेव्हा अधिकार नसला तरी मत द्यायला काय हरकत आहे, कंपनीला ऐकायचं तर ऐकतील. अध्यक्ष सर तयार झाले, पण मिनिट्समध्ये स्पष्ट लिहायला लावलं की हे मत सल्ला म्हणून आहे. कंपनीला पूर्ण प्रोटोकॉल मागितला.

मला आजही वाटतं की ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. पुढचं सगळं त्या एका कागदावर "नोंद घेतली" असा शिक्का न मारल्यामुळे झालं.

प्रोटोकॉल वाचताना

प्रोटोकॉल आला तेव्हा त्याबरोबर परदेशी लॅबने एक छोटा व्हिडिओ पण पाठवला होता, माकडं किती चांगली ठेवलीत हे दाखवायला. आणि खरंच चांगली ठेवली होती, एकेकटी नव्हती, गटात होती. हे माकड ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, जेमतेम पाऊण ते एक किलोचं, अंगावर पिवळसर-हिरवट लव, तोंडाचा भाग काळा आणि डोळ्यांभोवती पांढरं, आणि बसलं की लांब शेपूट पुढे घेऊन खांद्यावरून टाकतं. व्हिडिओत एक माकड हातावर लघवी घेऊन ती तळपायाला चोळत होतं, बाईंनी विचारलं आजारी आहे का, मी म्हटलं नाही बाई, ही त्यांची नेहमीची सवय आहे. जंगलात ही माकडं पंचवीस-पन्नासच्या, कधी त्याहून मोठ्या टोळीने फिरतात, नीट सांभाळलं तर वीस वर्षांहून जास्त जगतात.

मग मी रक्ताचा तक्ता काढला, माझं काम तेच. आठशे ग्रॅमच्या माकडात रक्त असतं साधारण ५०-५५ मिली. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांच्या वर काढू नये असा सर्वसाधारण नियम, म्हणजे पाचेक मिली, आणि त्यानंतर भरून यायला काही आठवडे द्यायचे. प्रोटोकॉलमध्ये अँटीबॉडी शुद्ध करायला मोठे नमुने, वर परजीवी मोजायला रोज काचपट्टीवर रक्ताचं स्मिअर, आणि हे सगळं मलेरियाने आधीच तांबड्या पेशी फुटत असताना. बेरीज केली तर गणित बसतच नव्हतं. माणसाच्या प्रोटोकॉलमधलं वेळापत्रक जवळजवळ तसंच उचललेलं दिसत होतं.

दुसरं, सगळ्या माकडांची प्लीहा आधी काढायची होती. सायमिरीत हे नेहमी करतात, नाहीतर रक्तातली परजीवींची संख्या पुरेशी आणि सारखी वाढत नाही. पण प्लीहा हा तर रोगप्रतिकाराचा मोठा अवयव, लसीची परीक्षा घ्यायची आणि आधी तोच काढायचा, मग निकालाचा अर्थ माणसाला लावताना फार जपून लावावा लागतो. तिसरं, लसीबरोबर फ्रॉइंडचं ॲडज्युव्हंट, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणारं मिश्रण, लिहिलं होतं, जे माणसाच्या लसीत वापरत नाहीत आणि टोचलेल्या जागी वाईट गाठी-जखमा करतं. चौथं, ताण मोजायला कॉर्टिसोल ह्या हार्मोनची जी मर्यादा दिली होती ती मकाक ह्या वेगळ्या गटातल्या माकडाची होती. स्क्विरल मंकीचं कॉर्टिसोल मुळातच कितीतरी पट जास्त असतं कारण त्यांच्या शरीरात त्या हार्मोनचा परिणाम कमी होतो, त्यामुळे त्या मर्यादेने पाहिलं तर निवांत बसलेलं माकडसुद्धा भयंकर तणावात दिसेल, आणि खरा त्रास झालेलं माकड कुणाला वेगळं ओळखता येणार नाही.

हे सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. रक्त कमी काढा, ॲडज्युव्हंट बदला, मर्यादा बदला. आणि खरं सांगायचं तर आमची चर्चा त्याच दिशेने चालली होती, सुधारणा सुचवा आणि जाऊ द्या.

प्रकरण फिरलं कुठे

आमच्याकडच्या बाहेरच्या शास्त्रज्ञ मॅडम मलेरियाच्या नाहीत, पण पेशींवरच्या रिसेप्टरवर त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी कंपनीच्या तरुण शास्त्रज्ञ मुलीला एकच प्रश्न विचारला: "तुमचं प्रोटीन ह्या माकडाच्या तांबड्या पेशीला चिकटतं का?"

ती म्हणाली, "मॅडम, व्हायवॅक्स ह्या माकडात वाढतो, म्हणजे चिकटत असणारच."

"असणारच की बघितलंय?"

बघितलं नव्हतं. ती मुलगी प्रामाणिक होती, तिने तिथेच सांगितलं मी शोधून कळवते, आणि दोन दिवसांत तिनेच मेल केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम होतं, व्हायवॅक्सच्या साल्वादोर-१ ह्याच स्ट्रेनवर, म्हणजे वाणावर, जो प्रोटोकॉलमध्येही होता. त्यात दाखवलं होतं की डफी बाइंडिंग प्रोटीन आउल मंकीच्या तांबड्या पेशींना चिकटतं, स्क्विरल मंकीच्या पेशींना चिकटत नाही. तरी परजीवी सायमिरीच्या पेशीत शिरतो, म्हणजे तो दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने शिरतो. त्या संशोधकांना ह्या फरकाचाच उपयोग करून ती दुसरी वाट शोधायची होती, कारण आफ्रिकेत डफी नसलेल्या माणसांनाही आता व्हायवॅक्स झालेला सापडतोय.

म्हणजे कंपनीची लस ज्या दाराला कुलूप लावणार होती त्या दारातून परजीवी ह्या माकडात येतच नव्हता. लस कितीही उत्तम असती तरी माकडं आजारी पडली असती, निकाल आला असता "लस निष्फळ", आणि एक चांगलं प्रोटीन कदाचित कायमचं बासनात गेलं असतं. प्लीहा काढलेली माकडं वाया गेली असती ती वेगळीच.

मला इथे जरा थांबून सांगायचंय की स्क्विरल मंकी संशोधनाला निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. ह्या जातीतल्या सगळ्या नरांना निसर्गतःच लाल-हिरवा फरक दिसत नाही, आणि २००९ मध्ये अमेरिकेत सॅम आणि डाल्टन नावाच्या दोन प्रौढ नरांच्या डोळ्यात हरवलेलं जनुक घालून त्यांना तो फरक दिसायला लागला, प्रौढ मेंदूला नवा रंग शिकता येतो हे त्यातून कळलं. तिथे प्रश्न आणि प्राणी एकमेकांना नेमके जुळत होते. कंपनीच्या संचालकांनी आमच्यासमोर कोव्हॅक्सिनचं उदाहरण दिलं, की २०२०ला पुण्यातच एनआयव्ही ह्या विषाणू संशोधन संस्थेत २० रीसस माकडांवर लस तपासली आणि त्याचा देशाला उपयोग झाला. उदाहरण चांगलं होतं, पण रीससला करोनाचा विषाणू माणसासारख्याच एसीई-२ रेणूतून लागतो. आमच्या प्रकरणात नेमकं तेच जुळत नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

संचालकांचा पहिला प्रतिसाद होता, मग आउल मंकी घेऊ, तिथे चिकटतं ना. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, शास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे आणि आमच्यातल्या दोघांना तो मान्य होता. माझं म्हणणं वेगळं पडलं. प्लीहेचा आणि रक्ताचा प्रश्न तिथेही सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे डफी बाइंडिंग प्रोटीनच्या लसीची परीक्षा माणसात आधीच झालेली आहे. इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांना लस देऊन मग मुद्दाम व्हायवॅक्स देऊन पाहिला, लगेच औषधही दिलं, २०२३ मध्ये निकाल आले, परजीवी वाढायचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाला. पूर्ण अडवला नाही, पण प्रोटीन योग्य जागी मारा करतंय हे माणसातच दिसलं. मग माकडाकडे परत जाऊन नवीन काय कळणार? कंपनीचं उत्तर होतं की आमची रचना वेगळी आहे. तेही खरं.

दुसरा पर्याय होता नोलेसी. हा मुळात मकाक माकडांचा मलेरियाचा परजीवी, पण २०१३ पासून तो माणसाच्या रक्तात लॅबमध्ये वाढवता येतो, आणि २०१९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्याचं स्वतःचं प्रोटीन काढून तिथे व्हायवॅक्सचं डफी प्रोटीन बसवलं. म्हणजे माकडाला हात न लावता, माणसाच्या तांबड्या पेशींमध्ये, ससे आणि उंदरांच्या अँटीबॉडी हे प्रोटीन किती अडवतात ते थेट मोजता येतं. तिसरा पर्याय रुग्णांच्या ताज्या रक्तातल्या व्हायवॅक्सवर थोड्या तासांची चाचणी, पण त्याला माणसांवरच्या संशोधनाची वेगळी एथिक्स मंजुरी लागते आणि नमुने ताजे हवेत. चौथा, काहीच न करता पैसे देणाऱ्यांना आहे तेवढंच दाखवायचं. तो कुणालाच नको होता.

आणि बाईंनी अजून एक प्रश्न काढला होता जो कुठल्याच पर्यायात नीट बसत नव्हता: प्रयोगानंतर माकडांचं काय? प्रोटोकॉलमध्ये त्या जागी एकच शब्द होता, युथनेशिया, म्हणजे वेदनारहित मरण. आपल्याकडे केंद्रीय समितीचं धोरण आहे की प्रयोगानंतरची देखभाल आणि पुनर्वसन हा संशोधनाच्या खर्चाचा भाग, आणि प्राण्याला जितकी जाणीव जास्त तितका तो खर्च जास्त धरायचा. बाईंना मी अमेरिकेतलं प्रकरण सांगितलं. तिथल्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियामक संस्थेच्या, निकोटिनच्या अभ्यासात स्क्विरल मंकी होती, त्यातली ४ दगावली, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी २०१७ला पत्र लिहिलं, अभ्यास बंद झाला आणि २६ माकडं फ्लोरिडातल्या अभयारण्यात गेली. म्हणजे करता येतं. त्यावर बाई म्हणाल्या, मग कोटेशनमध्ये तो खर्च का नाही? ह्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

काय केलं

सल्ला म्हणून दिलेलं मत लेखी गेलं: सायमिरीतली चाचणी ह्या प्रोटीनसाठी करू नये, कारण उत्तर मिळूच शकत नाही. आउल मंकीबद्दल एकमत झालं नाही, ते तसंच लिहिलं, दोन्ही बाजू कारणांसकट. आधी नोलेसीची चाचणी करा, त्यात अँटीबॉडी अडवत नसतील तर माकडाचा प्रश्नच येत नाही, असा क्रम सुचवला.

कंपनीवर हे बंधन नव्हतं. संचालक नाराज होते, परदेशी लॅबला दिलेला ॲडव्हान्स काही परत मिळाला नाही. पण ती तरुण शास्त्रज्ञ अडून बसली, तिने पैसे देणाऱ्यांसमोर स्वतः जाऊन २०१९चं काम मांडलं, आणि त्यांनाही ते पटलं. मला वाटतं खरं श्रेय तिचं. स्वतः लिहिलेल्या प्रोटोकॉलमधली चूक स्वतः शोधून आणून टेबलावर ठेवायला धमक लागते.

परिणाम

सशांच्या आधीच साठवलेल्या सिरममधून अँटीबॉडी काढून नोलेसीची चाचणी झाली, नवे ससेसुद्धा लागले नाहीत. अँटीबॉडी अडवत होत्या, पण कमी मात्रेत फार नाही, मात्रा बरीच वाढवल्यावर. म्हणजे लसीची रचना सुधारायला हवी हे कळलं, आणि कंपनी आता त्यावर काम करतेय. हप्ता उशिरा मिळाला, पूर्ण मिळाला नाही, मधल्या काळात दोन माणसं सोडून गेली. ही किंमत खरी आहे, ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील. माकडांवर प्रयोग झाला नाही.

आज परत करायचं झालं तर

कमिटीच्या फॉर्ममध्ये "ह्याच प्राण्याची निवड का" असा रकाना आहे, आणि बहुतेक अर्जांत तिथे "हे मान्यताप्राप्त मॉडेल आहे" एवढं एक वाक्य चिकटवलेलं असतं. ह्याही अर्जात तेच होतं आणि आमच्यातल्या कुणीच सुरुवातीला त्यावर बोट ठेवलं नाही, सगळे रक्ताच्या मिलीत अडकलो. आता आम्ही तिथे पुरवणी प्रश्न घातलाय: ज्या रेणूवर तुमचं औषध किंवा लस काम करते तो रेणू ह्या प्राण्यात आहे का, आणि तुमचं प्रोटीन त्याला चिकटतं हे कुणी, कशात दाखवलंय. उत्तर "माहीत नाही" असेल तर आधी नळीत तपासून या. तांबड्या पेशी आणि प्रोटीन एकत्र करून बघायला काही दिवस पुरतात, आणि परदेशी लॅबने नेहमीच्या तपासणीतल्या उरलेल्या रक्ताचा थेंब दिला असता तरी झालं असतं.

विषयातला माणूस पहिल्याच मीटिंगला बोलवायला हवा होता. पुण्यात मलेरियावर काम केलेले लोक आहेत, एक फोन केला असता तर महिनाभर वाचला असता. मॅडमनी रिसेप्टरचा प्रश्न विचारला हा योग होता, आणि योगावर कमिटी चालवता येत नाही.

परदेशी करून घेतलेल्या प्रयोगांचं अजूनही नक्की काही ठरलेलं नाहीये. आमच्या संस्थेने स्वतःपुरता नियम केलाय की इथल्या प्राण्यांच्या आकड्यांवर आधारलेला कुठलाही प्रयोग बाहेर होणार असेल तर पूर्ण प्रोटोकॉल कमिटीसमोर येईल, पुनर्वसनाच्या खर्चासकट. बाकीच्या संस्था काय करतात ते त्यांनी ठरवायचंय, पण कुणाला आमच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर द्यायला आम्ही तयार आहोत. आउल मंकीचा अर्ज कंपनीकडून पुढेमागे येईल असं वाटतंय, रचना सुधारली की. तेव्हा ती चर्चा परत पहिल्यापासून करावी लागेल आणि माझं मत तेव्हाही विरोधाचंच असेल, पण समोरच्या दोघांचे मुद्दे मिनिट्समध्ये आहेत आणि ते ताकदीचे आहेत.